मंगळवारचे आलेबेले, बुधवारचे घावन



राखेचा बुधवार जवळ आला की आमच्या नंदगडच्या घरांत दोन प्रश्न हमखास निघतात. पहिला, यंदा उपवासकाळात काय सोडायचे? आणि दुसरा, जो मुले विचारतात, मंगळवारी आलेबेले करणार ना? पहिला प्रश्न देवळातला आणि दुसरा स्वयंपाकघरातला, असे आपण धरून चालतो. खरे पाहता हे दोन्ही प्रश्न एकाच इतिहासातून आले आहेत. तो इतिहास आज थोडक्यात सांगावा, आणि जाता जाता तव्याला न चिकटणारे पोळे कसे करायचे तेही सांगावे, म्हणून हा लेख.

नंदगड म्हटले की बहुतेकांना संगोळ्ळी रायण्णा आठवतो. कित्तूरच्या राणी चन्नम्मांच्या या शूर सरदाराला २६ जानेवारी १८३१ रोजी इंग्रजांनी इथेच फाशी दिली. त्याच्या समाधीवरचा वड पाहायला आजही लांबून लोक येतात. पण नंदगडची आणखी एक ओळख होती, ती आता पुसट झाली आहे. हे व्यापाराचे गाव होते. इंग्रज काळातल्या गॅझेटियरमध्ये नंदगडची नोंद आहे ती मोठी बाजारपेठ म्हणून. गोव्यातून घाट चढून इथे नारळ, सुपारी, खोबरेल आणि मीठ यायचे, आणि घाटावरचा गहू व इतर धान्य इथून खाली गोव्याकडे जायचे. १८८० च्या दशकात मुरगावची रेल्वे घाट चढून आली, तोवर हा सगळा माल बैलांच्या पाठीवरून जायचा.

आता जरा आलेबेल्याचा विचार करा. वरचे पातळ पोळे गव्हाच्या पिठाचे, म्हणजे घाटावरचे. आतले सारण ओल्या नारळाचे, म्हणजे घाटाखालचे. गूळ आपल्या बेळगाव-निपाणीकडच्या उसाचा. चिमूटभर मीठ समुद्राचे. गोव्यात जो पदार्थ घरोघरी होतो, त्याचे निम्मे सामान आपल्या बाजूने घाट उतरत होते आणि निम्मे आपल्याकडे घाट चढत होते. पुढे १९५५ साली गोव्याची सरहद्द बंद झाली आणि रेल्वेही थांबली. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, तेव्हा कुठे वाट पुन्हा मोकळी झाली. ज्यांची निम्मी माणसे घाटाखाली होती त्यांच्या घरी ती सहा वर्षे कशी गेली असतील, याची कल्पना करून पाहा.

पण मुळात मंगळवारीच का? राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशीच हे गोड पोळे का?

याचे उत्तर मध्ययुगातल्या युरोपात आहे. त्या काळी उपवासकाळाचा नियम फार कडक होता. चाळीस दिवस केवळ मांसच नव्हे, तर जनावरापासून येणारे जवळजवळ सारे वर्ज्य होते. अंडी नाहीत, दूध नाही, लोणी नाही, चीज नाही. घरात ज्या वस्तू साठलेल्या असत त्या चाळीस दिवस टिकणार नव्हत्या, आणि टाकून देणे गरिबाला परवडणारे नव्हते. मग मंगळवारी सगळी अंडी फोडायची, उरलेले दूध ओतायचे, पीठ घालायचे आणि शेवटच्या लोण्यावर पातळ पोळी घालायची. घर रिकामे करण्याची ही सर्वांत सोपी रीत होती. इंग्रजीत ज्याला पॅनकेक म्हणतात तो या मंगळवारला चिकटला तो असा. इंग्लंडमधल्या ओल्नी गावी बायका तव्यात पॅनकेक घेऊन देवळापर्यंत शर्यत धावतात. ही प्रथा १४४५ पासूनची आहे असे तिथले लोक सांगतात. रशियात उपवासकाळाआधीचा आठवडा ब्लिनी नावाच्या पोळ्यांचा असतो.

इंग्रज या दिवसाला ‘श्रोव्ह ट्यूजडे’ म्हणतात. ‘श्रोव्ह’चा खाण्याशी काही संबंध नाही. पापनिवेदन ऐकून पापांची क्षमा करणे, असा त्या जुन्या शब्दाचा अर्थ आहे. म्हणजे या मंगळवारी लोकांना दोन गोष्टी रिकाम्या करायच्या असत, एक फडताळ आणि दुसरे मन. सकाळी धर्मगुरूंपुढे पापनिवेदन, संध्याकाळी घरी पोळ्या. काळाच्या ओघात पोळी राहिली आणि पहिला भाग बराचसा विसरला गेला.

पोर्तुगीजांच्या भाषेत या दिवसांना ‘एन्त्रुदो’ म्हणत. उपवासकाळात प्रवेश, असा त्याचा अर्थ. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि पुढे त्यांच्याबरोबर हा शब्दही आला. गोव्याच्या कोंकणीत त्याचा ‘इंत्रूज’ झाला. आज कार्निव्हल म्हटले की आपल्याला मिरवणुका आणि रंग आठवतात, पण शब्द सांगतो तो दाराचा उंबरठा आहे. आपण उंबरठ्यावरच नाचत राहिलो आणि आत जायचे विसरलो, तर दोष उंबरठ्याचा नाही.

नियमाच्या या इतिहासात एक कडू पानही आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. ज्या मुलखात तेल पिकत नसे, तिथे लोण्यावाचून चाळीस दिवस काढणे अवघड होते. मग पैसे देऊन लोणी खाण्याची सवलत मिळू लागली. फ्रान्समध्ये रूआंच्या कॅथेड्रलला एक सुंदर मनोरा आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस त्याचे बांधकाम सुरू झाले. त्याला लोक ‘लोण्याचा मनोरा’ म्हणतात, कारण या सवलतीच्या पैशांतून तो उभा राहिला असे सांगतात. मार्टिन ल्यूथरने १५२० मध्ये याच प्रकारावर जळजळीत टीका केली होती. आपण कॅथलिक असू वा प्रॉटेस्टंट, त्यातून एक धडा दोघांनाही घेण्यासारखा आहे. उपवास विकत घेता येतो असे एकदा वाटू लागले, की उपवास संपलेला असतो.

पुढे नियम हळूहळू सैल होत गेले. १७ फेब्रुवारी १९६६ रोजी पोप सहावे पॉल यांनी ‘पेनितेमिनी’ हे पत्रक काढले. त्यात मांसवर्जनाचा नियम ठेवला, पण अंडी, दूध आणि लोणी यांना मोकळीक स्पष्ट शब्दांत सांगितली. म्हणजे आज मंगळवारी अंडी संपवण्याची कायद्याने काही गरज नाही. शिवाय घरोघरी फ्रिज आहे. मग आलेबेले कशासाठी? या प्रश्नाकडे मी पुन्हा येते, आधी तव्याकडे जाऊ.

आपल्या मुलखात पातळ पोळे पोर्तुगीजांनी आणले असे कोणी समजू नये. कल्याणचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात डाळीच्या पिठापासून तव्यावर करायच्या ‘धोसक’ नावाच्या पदार्थाचा उल्लेख आहे. बेळगावचे मांडे तर सगळ्यांना ठाऊक आहेत. खानापूरचा हा पट्टा पावसाचा आणि भाताचा, त्यामुळे इथे तांदळाचे घावन आणि आंबोळी पिढ्यान्‌पिढ्या होत आहेत. शेजारचे कोंकणी घर त्याच्या भावाला पोळे म्हणते, पलीकडचे कन्नड घर दोसे म्हणते. तवा सगळ्यांचा तोच, बिडाचा.

आता एक गोष्ट पाहा. घावनात काय असते? तांदूळ, पाणी, मीठ, आणि तव्याला पुसण्यापुरते तेल. अंडे नाही, दूध नाही, लोणी नाही. युरोपातला पॅनकेक मंगळवारी रात्री संपायचा, कारण बुधवारपासून त्यातले सगळेच वर्ज्य. आपले घावन मात्र युरोपातल्या त्या कडक नियमानेसुद्धा चाळीस दिवस रोज चालले असते. म्हणजे आपल्या तव्यावर मंगळवारचे पोळेही आहे आणि बुधवारचेही. एक भरलेले, एक रिकामे. दोन्ही चांगले जमले पाहिजेत, म्हणून थोडे कामाचे सांगते.

आलेबेल्यासाठी एक वाटी मैदा, एक अंडे, सव्वा ते दीड वाटी दूध आणि चिमूटभर मीठ घ्यावे. मैदा नको असेल तर निम्मी बारीक चाळलेली कणीक चालते. आधी अंडे व थोडे दूध पिठात घालून घट्टसर कालवावे, म्हणजे गुठळ्या मोडतात, मग उरलेले दूध घालून सारखे करावे. फार फेटू नये. गव्हाच्या पिठात चिकटपणा असतो, तो जितके ढवळाल तितका ताणला जातो आणि पोळे चिवट होते. कालवून झाले की अर्धा तास झाकून ठेवावे. तेवढ्यात पीठ दूध पिते आणि ताण सैल होतो. ही अर्ध्या तासाची वाट पाहण्याचा आपल्याला कंटाळा, आणि निम्मी पोळी तिथेच बिघडतात.

सारणाला एक वाटी ओला नारळ आणि अर्धी वाटी चिरलेला गूळ. मंद आचेवर गूळ विरघळून खोबऱ्यात मुरेपर्यंत परतावे, वेलची घालावी आणि ओलसर असतानाच उतरावे. जास्त परतले तर थंड झाल्यावर सारण कडक होते. आणि सारण पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नये, नाहीतर वाफेने पोळे फाटते.

घावनाची गोष्ट वेगळी. तांदळाच्या पिठात तो चिकटपणा नसतोच, त्यामुळे ते कितीही ढवळले तरी चिवट होत नाही. उलट ते तळाशी बसते. म्हणून दर घावनाआधी पातेले तळापासून ढवळायचे. हे विसरले की पहिली घावने पाणचट आणि शेवटची जाड होतात. पीठ ताकासारखे पातळ हवे. ते तव्याच्या कडेकडून मध्याकडे ओतावे, पळीने पसरू नये. तापलेल्या तव्यावर पाणी उकळून वर येते आणि जाळी पडते. तवा गार असला तर जाळी पडत नाही आणि घावन चिकटते.

तवा तापला की नाही हे कसे ओळखावे? पाण्याचा थेंब टाकावा. थेंब नुसता बसून हळूहळू आटला तर तवा थंड. चुरचुरून लगेच उडाला तर घावनाला योग्य. मोत्यासारखा तव्यावर पळत सुटला तर फार तापला, आच कमी करावी. आलेबेल्याला घावनापेक्षा मंद आच लागते, कारण त्यातले दूध आणि अंडे लवकर करपतात. तेल ओतायचे नाही, अर्धा कांदा तेलात बुडवून तवा पुसायचा. पहिले पोळे बिघडले तर मन खट्टू करू नये. ते तव्यासाठीच असते. त्याने तव्याचे तेल आणि आच दोन्ही सारखे होतात.

आणि शेवटचे, उलटणे. कडा सुटून वर आल्या आणि वरचा ओलेपणा गेला की उलटायचे, त्याआधी नाही. घाई केली तर तुटते, विसरले तर करपते.

उलटण्यावरून मला नेहमी होशेय संदेष्टा आठवतो. सातव्या अध्यायाच्या आठव्या ओवीत त्याने एफ्राईमला, म्हणजे देवाच्याच लोकांना, न उलटलेल्या भाकरीची उपमा दिली आहे. संदेष्ट्याने नक्कीच कुठेतरी चुलीपाशी बसून पाहिले असणार. न उलटलेली भाकर एका बाजूने करपते आणि दुसऱ्या बाजूने कच्ची राहते. खालची बाजू काळी, वरची पिठूळ, आणि खायला दोन्ही निकामी. त्या लोकांची भक्ती तशी झाली होती. यज्ञवेदीपाशी धूर, आणि व्यवहारात कच्चेपणा. संकटात देवाकडे वळण्याऐवजी ते मिसर आणि अश्शूरकडे धावत.

पवित्र शास्त्रात तव्याला मान आहे. लेवीयच्या दुसऱ्या अध्यायात अन्नार्पणाचे प्रकार सांगताना तव्यावर भाजलेले अर्पणही सांगितले आहे. सपीठ आणि तेल, खमीर नको, आणि मीठ मात्र प्रत्येक अर्पणात हवेच. ज्या गरिबाकडे बैल नाही, कोकरू नाही, त्याने तव्यावरचे आणले तरी देव ते स्वीकारतो. आणि सारफथच्या विधवेची गोष्ट तर आपण सारे जाणतो. मडक्यात मूठभर पीठ, कुपीत थोडेसे तेल. तेवढे भाजून मुलाबरोबर खायचे आणि मरायचे, असा तिचा हिशेब होता. एलीयाने तिच्याकडे आधी आपल्यासाठी लहानशी भाकर मागितली. तिचाही तो एक अर्थाने शेवटचा मंगळवार होता. फरक इतकाच की उरलेले आपण आपल्यासाठी संपवतो, तिने ते दुसऱ्याला दिले. मग पीठ सरले नाही आणि तेल आटले नाही.

आता मघाचा प्रश्न. नियम सैल झाला, फ्रिज आला, मग मंगळवारी आलेबेले कशासाठी? दुसऱ्या शतकातले ‘हर्मासचा मेंढपाळ’ नावाचे एक ख्रिस्ती पुस्तक आहे. त्यात उपवासाची एक फार साधी रीत सांगितली आहे. उपवासाच्या दिवशी जे खाल्ले असते त्याची किंमत मोजायची आणि ती विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला द्यायची. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायातही देव हाच उपवास मागतो. मंगळवारी घर रिकामे करायचे ते बुधवारपासून त्या रिकाम्या जागेत दुसऱ्याला घ्यायचे म्हणून. ज्या पोळ्यानंतर काहीच सोडायचे नाही, ते पोळे चांगले असेल, पण तो नुसता नाश्ता झाला.

इथे माझी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही. मी लहान असताना वाटणीवरून आमचे आणि काकांच्या घरचे बोलणे बंद झाले. तरी दर इंत्रूजच्या मंगळवारी आई सहा आलेबेले ताटलीत घालून, वर केळीचे पान झाकून मला पाठवायची. “काकीच्या हातात दे, आणि बाकी काही बोलू नकोस,” म्हणायची. आपल्याकडे कोणाची ताटली रिकामी परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी ठेवतात. आमची ताटली मात्र रिकामी यायची. मी रागावले तर आई म्हणायची, “रिकामी आली, पण धुऊन आली ना? मग पुढच्या वर्षी पुन्हा न्यायची.” असे तिने अकरा वर्षे केले. बोलणे काही सुरू झाले नाही.

आई गेली त्याला आता सात वर्षे झाली. मातीला काकी आल्या होत्या, लांब उभ्या राहून गेल्या. त्यानंतर मी ताटली पाठवली नाही. देवळात मी वाचन करते, मुलांना धर्मशिक्षण देते, राखेच्या बुधवारी सगळ्यांच्या आधी रांगेत उभी असते. ती बाजू माझी चांगली भाजलेली आहे, सगळ्यांना दिसते. दुसरी बाजू सात वर्षे कच्ची आहे, ती मला आणि देवाला ठाऊक. होशेय वाचताना मला एफ्राईम फार लांबचा वाटत नाही.

म्हणून यंदा मंगळवारी आधी पापनिवेदनाला जायचे, मग तवा ठेवायचा असे ठरवले आहे. काकी आता थकल्या आहेत, दात नाहीत, त्यांना आलेबेले मऊ लागेल, पीठ अर्धा तास नक्की मुरवेन. ताटली कशी परत येईल ते माहीत नाही. रिकामी आली तरी बुधवारी घावन होईलच, आणि पुढच्या वर्षी पुन्हा मंगळवार येईल.

तुमच्याही घरी अशी एखादी ताटली कपाटात पडून असेल, तर ती या मंगळवारी खाली काढा.

हे प्रभो, आमचे पीठ थोडे आहे आणि तेल त्याहून थोडे. जे आहे ते आधी दुसऱ्याला देण्याचे धैर्य दे. आमच्या कच्च्या बाजू तुला ठाऊक आहेत. वेळ निघून जाण्याआधी आम्हाला उलट. आमेन.